खोळीच्या कोपऱ्यातली तपकिरी किल्ली

मी एक जुनी तपकिरी किल्ली आहे, आणि मित्रांनो, आज मला अगदी राहवत नाहीये! नऊ वर्षं मी एका कापडाच्या कोपऱ्यात मुकाट्याने काढली. कोणी विचारलं नाही, कोणी पाहिलं नाही. पण परवा एका दुपारी माझ्या आयुष्यात इतकं काही घडलं, की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव शांत होणार नाही. सांगताना घाई झाली तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघी बहिणी. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो. धातूच्या पट्टीवर आमच्या खाचा कापल्या तेव्हा असा काही किंचाळणारा आवाज झाला होता, की तो आठवला तरी माझं अंग शहारतं. मग त्या दोघींच्या डोक्यावर निळं प्लास्टिक चढवलं आणि माझ्या डोक्यावर तपकिरी. त्या प्लास्टिकच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची चिप बसवली. तिला ना सेल लागतो ना चार्जिंग. तिला फक्त आपला आकडा पाठ असतो.

हा आकडा कशाला, म्हणाल तर ऐका. आमच्या स्कूटरच्या सीटखाली एक काळी पेटी आहे. कुलपात किल्ली फिरली की ही पेटी आधी विचारते, ‘तू कोण गं?’ चिप आकडा सांगते. ओळख पटली तर पेटी लाल दिवा लुकलुकवते आणि इंजिन चालू होऊ देते. जितक्या किल्ल्या तिच्या ओळखीच्या, तितक्या वेळा दिवा लुकलुकतो. ओळख पटली नाही, तर दिवा नुसता थरथरत राहतो आणि स्कूटर जागची हलत नाही. आता गंमत पुढे आहे. नव्या किल्लीची या पेटीशी ओळख करून द्यायचा अधिकार साऱ्या जगात एकाच किल्लीला असतो. कोणाला? अहो, मलाच!

दुकानातल्या विक्रेत्याने तर मला दोन बोटांत धरून उंच केलं होतं. तो म्हणाला, “ताई, या दोन निळ्या रोजच्या. ही तपकिरी मात्र रस्त्यावर न्यायचीच नाही. ही हरवली तर नवी चावी कधीच शिकवता येणार नाही, स्कूटरचा मेंदूच बदलावा लागेल. जिवापाड जपा.” मी तेव्हा इतकी फुगले होते की काही विचारू नका.

जिला तो ताई म्हणाला, ती माझी मालकीण. ती लिफ्ट दुरुस्त करते. साऱ्या परिसरात तिला लिफ्टवाली म्हणूनच ओळखतात. तिच्या खिशात कायम नट-बोल्ट खुळखुळत असतात आणि नखांतलं ग्रीस कितीही घासलं तरी जात नाही. कुठे लिफ्ट अडकली की तिचा फोन वाजतो. फोन वाजल्यापासून अर्ध्या तासात तिने तिथे पोचायचं, असा तिच्या कामाचा नियम. हा नियम कागदावर लिहिलेला आहे, पण ती तो कागदासाठी पाळत नाही. बंद लिफ्टमध्ये माणूस असतो. त्याला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून त्याची पाच मिनिटंसुद्धा तासासारखी जातात. स्कूटर घेतली ती त्याच्यासाठी.

तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, टेबल आणि कपड्यांचे ढीग. गळ्यात टेप इतका कायम, की तो काढला तर त्याचा गळा ओळखू येणार नाही. कोणतंही माप तो दोनदा घेतो, आणि कच्ची शिलाई करून ट्रायल घेतल्याशिवाय साधी बाहीसुद्धा पक्की करत नाही. “घालून बघितल्याशिवाय कपडा कळत नाही,” असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. ही त्याची सवय ध्यानात असू द्या. घरात तिसऱ्या त्याच्या आई, म्हणजे मालकिणीच्या सासूबाई. त्या शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानातलाच आहे.

स्कूटर घरी आली त्याच आठवड्यात शिंप्याने तिच्यासाठी जाड कापडाची खोळ शिवली. वाऱ्याने ती उडायची, म्हणून चारही कोपऱ्यांत काहीतरी जड घालायचं ठरलं. बायकोच्या खिशातले तीन जुने नट मिळाले. चौथा काही सापडेना. तेवढ्यात टेबलावर पडलेली मी त्याला दिसले! तो स्वतःशीच म्हणाला, “गाडीची चावी गाडीजवळच बरी. खोळ काही घर सोडून जात नाही. इथे ती हरवणारच नाही.” खरं सांगते, तेव्हा मलाही ते पटलं होतं. त्याने मला चौथ्या कोपऱ्यात सरकवलं आणि वरून अशी घट्ट तुरपाई घातली, की आत मुंगीलाही वाट राहिली नाही. तो हे बायकोला सांगायला उठला, इतक्यात एक गिऱ्हाईक कोटाची बाही तोकडी झाली म्हणून तावातावाने भांडत आत आलं. भांडण मिटलं, बाही उसवली, पुन्हा शिवली. माझी गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. दोन दिवसांनी शिंप्याला इतकंच आठवत होतं, की आपण ती किल्ली फार जपून ठेवलेली आहे.

अशी माझी नऊ वर्षं सुरू झाली. शेजारी म्हणून तीन नट मिळाले, तिन्ही ठोंबे. एकालाही बोलता येत नाही. दर महिन्याला खोळ बादलीत बुडवली जायची, साबणाच्या फेसात मी गटांगळ्या खायचे, मग दोरीवर उलटी लटकायचे. माझ्या चिपला त्याचं काही नाही, पण तपकिरी किल्लीची ही अवस्था! ज्या निळीला कोणी काही शिकवायचा अधिकार दिला नाही, ती रोज रस्ता पाहायची आणि मी कपड्यांसारखी वाळत पडायचे.

दोघी निळ्यांपैकी एक तर पहिल्याच वर्षी गेली. लिफ्ट आणि मजला यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते ना, त्या फटीतून ती थेट तळाच्या खड्ड्यात पडली. मालकीण खड्ड्यात उतरून शोधत राहिली, पण तेलकट गाळात ती सापडली नाही. पेटी मात्र तिला विसरली नव्हती. स्कूटर चालू करताना दिवा तीनदाच लुकलुकायचा.

उरलेल्या निळीने सगळा भार उचलला. खोळ काढताना आणि घालताना ती मालकिणीच्या हातात असायची, तेवढ्या दोन क्षणांत आमची गाठ पडे. लगेच तिची बढाई सुरू. “आज एका दमात चार इमारती केल्या!” मला असा हेवा वाटायचा! पण मग तिच्या मानेला चीर गेली. मालकिणीने तिच्यावर काळी टेप गुंडाळली. काही महिन्यांनी टेपखाली चीर आणखी वाढली, आणि निळीची बढाई बंद झाली.

मग तो दिवस आला. एका इमारतीत एक म्हातारे पोस्टमास्तर लिफ्टमध्ये अडकले. निळी कुलपात अर्धी गेली आणि तिथेच अडकली. वाकलेली मान पुढे जाईना, मागे येईना. मालकिणीने ती हळूहळू हलवून काढली, पुन्हा घातली, स्कूटर चालू केली, आणि ती पोचली तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती.  पोस्टमास्तरांनी पाणी मागितलं, ते प्यायले, आणि उरलेले दोन मजले जिन्याने चढून गेले. त्यानंतर ते लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. मालकीण घरी आली, जेवायला बसली आणि तशीच उठली.

“माझ्या एका चावीपायी तो माणूस अंधारात उभा राहिला,” ती म्हणाली. “अहो, दुसरी चावी हवीच. ही कधीही तुटेल. आणि ती तुटेल तेव्हा आत कोण असेल, कुणास ठाऊक.”

शिंपी त्याच दिवशी चावीवाल्याकडे धावला. हा चावीवाला कोपऱ्यावरच्या टपरीत बसतो, चष्मा कायम कपाळावर आणि बोलणं कायम वरच्या पट्टीत. त्याने निळीवरून दोन नव्या किल्ल्या कापून दिल्या. त्यांच्या डोक्यात चिपा होत्या, सगळं होतं. शिंप्याने घरी येऊन त्यातली एक फिरवली, कुलूप फिरलं आणि दिवा नुसता थरथरला. स्कूटर हूं की चूं करेना. चावीवाला दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आला आणि त्याने पेटीची सगळी हकिगत समजावून सांगितली.

“ताई, या नव्यांची ओळख करून द्यायला तपकिरी चावी लागते. ती आणा, दोन मिनिटांचं काम आहे.”

सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंपी आढ्याकडे पाहू लागला.

“मी ती फार जपून ठेवलीय,” तो म्हणाला.

“जपून ठेवलीस?” सासूबाई म्हणाल्या. “मग गेलीच!”

पुढचे तीन दिवस घरात नुसता धुमाकूळ! ड्रॉवर उपडे झाले, बटणांचे सतरा डबे पालथे झाले, पिठाच्या डब्यातसुद्धा कोपरापर्यंत हात घालून पाहिला गेला. शिंप्याने तीन कोटांची अस्तरं उसवली, आणि ते कोट त्याचे नव्हते. सासूबाई शिट्टी वाजवून एकेक खोली वाटून देत होत्या. आणि मी? मी अंगणात, स्कूटरवर, सगळ्यांच्या नाकासमोर! वारा आला की आनंदाने डोलत होते, चाकावर आपटत होते. ‘अहो, इकडे! इथे आहे मी!’ असा आकांत मी मनातल्या मनात मांडला होता. माझी गरज लागली होती, मित्रांनो, नऊ वर्षांनी पहिल्यांदा, आणि मला साधी हाक मारता येत नव्हती.

परवा दुपारी मालकीण कामावरून आली ती वैतागूनच. खोळ घालायला गेली, ती वाऱ्याने फडफडली आणि हातातून सुटली. तिने रागाने खोळ ओढली आणि अंगणातल्या फरशीवर धाडकन आपटली.

खट्. खट्. खट्. टक्.

ती तिथेच थांबली. मित्रांनो, ही बाई लिफ्टच्या आवाजावरून कोणतं चाक झिजलंय ते सांगते! तिने खोळ पुन्हा उचलली आणि पुन्हा आपटली. खट्, खट्, खट्, टक्.

“अहो!” ती ओरडली. “कात्री आणा! आधी कात्री आणा!”

शिंपी धावत आला. कोपरा हातात घेताच त्याने आपली तुरपाई ओळखली, आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की मला हसावं की रडावं कळेना. टाके त्याचेच, त्यामुळे उसवता उसवेनात. शेवटी कापड उघडलं, नऊ वर्षांनी डोळ्यांवर ऊन आलं आणि मी त्याच्या तळहातावर पडले.

“नऊ वर्षं मी ही रोज दोन वेळा हातात धरत होते!” मालकीण म्हणाली आणि फरशीवरच बसून हसायला लागली. सासूबाई हसल्या. शिंपी हसला नाही. तो म्हणाला, “मी हरवली. आता मीच शिकवणार.”

चावीवाल्याला बोलावणं गेलं. तो आला, त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि नियम सांगितले. आधी तपकिरी कुलपात घालून दोन सेकंद फिरवायची आणि काढायची. दहा सेकंदांच्या आत पुढची किल्ली, तिचीही दोन सेकंद. मग दहा सेकंदांत त्याच्या पुढची. शेवटी पुन्हा तपकिरी, म्हणजे वर्ग संपला.

“आणि नीट ऐका,” तो म्हणाला, “नव्या चाव्या शिकवायला घेतल्या की पेटी जुन्या सगळ्या पुसून टाकते. म्हणून जुनी निळीसुद्धा रांगेत हवी. जी रांगेत नाही ती विसरली. आणि मध्ये गडबड झाली तर पाव तास पेटी काहीही शिकत नाही.”

सेकंद मोजायला सासूबाई उभ्या राहिल्या. शिंप्याने टेबल अंगणात आणलं आणि त्यावर रांग लागली. मी, नवी एक, नवी दोन आणि शेवटी टेप गुंडाळलेली निळी. मला इतका आनंद झाला होता की माझी चिप फुटते की काय असं वाटत होतं!

शिंप्याने मला कुलपात घातलं. नऊ वर्षांनी पेटीने विचारलं, ‘तू कोण गं?’ मी आकडा असा खणखणीत सांगितला! “एक! दोन!” सासूबाई गरजल्या. मी बाहेर आले. नवी आत गेली. शिंप्याने ती फिरवली, आणि मित्रांनो, घात झाला. तीस वर्षांची सवय! नवी वस्तू हातात आली की ट्रायल घ्यायची. त्याचा अंगठा आपोआप स्टार्टरच्या बटणावर गेला आणि त्याने ते दाबलं.

“अहो!” मालकीण ओरडली.

“अरे दाबू नका!” चावीवाला ओरडला. “शिकत असताना तिला कामाला नाही लावायचं!”

“मी फक्त ट्रायल...”

“आठ! नऊ! दहा!” सासूबाईंनी मोजणं थांबवलं नव्हतं. शिस्त म्हणजे शिस्त.

दिवा लुकलुकला. एकदाच. आम्ही सगळे पुढच्या लुकलुकण्याची वाट पाहत राहिलो, पण ते आलं नाही. नवी शिकली नव्हती आणि जुन्या पुसल्या गेल्या होत्या.  खड्ड्यात पडलेल्या माझ्या बहिणीला पेटीने आठ वर्षं लक्षात ठेवलं होतं, आता तीही गेली. इतकी वर्षं राबलेली निळी टेबलावर पडली होती, आणि आपल्याला आता कोणी ओळखत नाही हे तिला माहीतही नव्हतं.

“आता ही गाडी फक्त तपकिरीला ओळखते,” चावीवाला म्हणाला. “पाव तास थांबा. मग पुन्हा करू.”

आणि फोन वाजला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मालकिणीने ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. “दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आत एकटी मुलगी आहे, आठ वर्षांची,” ती म्हणाली. तिथवर जायला बारा मिनिटं लागतात. तिने हिशोब केला नाही, हेल्मेट उचललं आणि दुसरा हात माझ्याकडे पुढे केला.

“तपकिरी नको!” शिंपी म्हणाला. “अगं, ती तिथल्या फटीत पडली तर? मग या गाडीला कधीच दुसरी चावी मिळणार नाही. मी शेजारून कोणाची गाडी मागून आणतो, पाच मिनिटं दे.”

“पाच मिनिटं माझ्याकडे आहेत, पण तिच्याकडे नाहीत,” मालकीण म्हणाली. “ती आत एकटी आहे हो.”

शिंपी टेबलाकडे वळला. मग त्याने टेबलावरची हातभर नाडी उचलली, एक टोक माझ्या भोकातून ओवून गाठ मारली आणि ती हेल्मेटचा पट्टा लावत असतानाच दुसरं टोक तिच्या खिशाच्या कडेला शिवून टाकलं. चार टाके! मी आजवर पाहिलेले सगळ्यात वेगवान चार टाके! शेवटचा दोरा त्याने दाताने तोडला आणि म्हणाला, “जा.”

आणि मी निघाले! जिला रस्त्यावर न्यायचीच नाही म्हणून सांगितलं होतं, ती मी रस्त्यावर होते! इंजिन गुरगुरलं तेव्हा ते माझ्या खाचाखाचांत थरथरलं. वळणं, खड्डे, गतिरोधक, सिग्नल! भाजीच्या गाड्यांमधून, शाळेच्या भिंतीकडेने, एका कुत्र्याला वळसा घालून आम्ही सुसाट सुटलो. निळी ज्याची बढाई मारायची ते सगळं खरं होतं, उलट तिने कमीच सांगितलं होतं! मात्र मालकीण प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघत होती. मग माझ्याही लक्षात आलं की आपण सहलीला निघालेलो नाही.

इमारतीत शिरताच ती मला खिशात टाकून पाच मजले जिन्याने वर पळाली. वाटेत तिसऱ्या मजल्यावर मुलीचे बाबा लिफ्टच्या दाराला गाल लावून बसले होते. मालकीण दाराशी वाकली.

“बाळा, मी आलेय. आता लिफ्ट हळूच खाली येईल, घाबरायचं नाही हं.”

आतून बारीक आवाज आला. “किती खाली?”

“एक हातभर.”

“तुमचा हात का माझा?”

“तुझा,” मालकीण म्हणाली आणि पुन्हा वर धावली.

गच्चीवरच्या खोलीत तिने मुख्य बटण बंद केलं, ब्रेकचा दांडा धरला आणि श्वास रोखून तो जरासा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दोर कुरकुरले. लिफ्टचा आवाज ऐकत ती एकेक बोट लिफ्ट खाली सरकवत होती. मग खाली दुसऱ्या मजल्यावर येऊन तिने कमरेची तिकोनी चावी दाराच्या भोकात घातली. ही लिफ्टच्या दारांची चावी. हिच्या डोक्यात चिप नाही, हिला कोणी नाव विचारत नाही, तरी दार उघडलं! लिफ्ट खालच्या मजल्यावर तंतोतंत नव्हती, जरा वरच राहिली होती. आत ती मुलगी दप्तर पोटाशी घट्ट धरून उभी होती. मालकीण पुढे झुकली, तिने दोन्ही हात पसरले, आणि मी खिशातून निसटले.

मित्रांनो, माझ्या बरोबर खाली ती दोन बोटांची फट होती. तिच्याखाली काळोख. मी नाडीवर झोके घेत होते, आणि ते चार टाके मला धरून होते. एकही टाका हलला नाही!

मुलगी मालकिणीच्या गळ्यात पडली आणि पडता पडता तिने नाडी पकडली. माझ्यासकट. तिची मूठ घामाने ओली आणि गरम होती. नऊ वर्षांत मला कोणी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

“तुम्हीच का लिफ्टवाली?” तिने विचारलं. “बाबा दाराच्या फटीतून सारखे सांगत होते, ती अर्ध्या तासाच्या आत येतेच म्हणून. म्हणून मी रडले नाही. थोडंच रडले.”

 मालकिणीने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. घड्याळात चार वाजून तेहेतीस मिनिटं झाली होती.

आम्ही घरी परतलो तेव्हा शिंपी फाटकातच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पोचलीस?”

“तेवीस मिनिटं,” ती म्हणाली.

तो पायरीवर बसला आणि टेपने डोळे पुसू लागला. मला त्याचा राग येत होता तो तिथेच संपला. ज्याने मला हरवलं त्यानेच मला वाचवलं, आता काय बोलणार!

पाव तास कधीच उलटून गेला होता. चावीवालाही गेला नव्हता, टपरी उघडी टाकून आमची वाट पाहत बसला होता. पुन्हा रांग लागली. चावीवाल्याने निळी उचलून बाजूला ठेवली.

“ताई, हिला आता कशाला घेता? मान तुटलीय. आज ना उद्या जाणारच ती.”

मालकिणीने निळी परत रांगेत ठेवली. “जाईल तेव्हा जाईल. पण आज रांगेत घेतली नाही तर आजच गेली. इतक्या जणांना हिने बाहेर काढलंय.” मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, तुम्हीच करा. फक्त ट्रायल नको.”

शिंप्याने डावा अंगठा मुठीत दाबून ठेवला आणि उजव्या हाताने काम केलं. सासूबाईंचा आवाज चार घरं ऐकू गेला असेल. मी, नवी एक, नवी दोन, निळी, आणि शेवटी पुन्हा मी. निळी अडखळत आत गेली, पण गेली! मग सगळे श्वास रोखून दिव्याकडे पाहत राहिले. एक. दोन. तीन. चार! सासूबाईंनी शिट्टी फुंकली, चावीवाल्याने टाळी वाजवली आणि मी, खरं सांगते, रडले. मी नऊ वर्षं ज्यांच्यासाठी जपली गेले ती हीच दोन मिनिटं होती.

आता माझं काय करायचं हा प्रश्न निघाला. शिंपी नकळत खोळीकडे पाहू लागला, तर तिघंही एकदम ओरडले, “नाही!” शेवटी त्याच नाडीने मला मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलं आहे. टांगताना शिंप्याने सगळ्यांना समोर उभं केलं, सासूबाईंनी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं की तपकिरी कुठे आहे. चावीवाल्यालाही म्हणावं लागलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, असं सगळेच सांगतात. मीही सांगते, पण त्यात थोडी भर घालून. जपून ठेवाल तिथे आम्हाला एकटं विसरू नका. कुठे ठेवलंय ते घरातल्या सगळ्यांना सांगा, अगदी भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगा. आणि नव्यांना शिकवायला बसाल तेव्हा जुन्यांनाही रांगेत बोलवा, मान मोडलेली असली तरी. एवढं माझ्यासाठी नाही केलंत तरी चालेल. आत कोणीतरी दप्तर पोटाशी धरून उभं असतं, आणि बाहेरून त्याचे बाबा सांगत असतात, की ती येतेच. त्यांच्यासाठी करा.